राजा मुन्जोंग आणि त्याचा भिक्खू झालेला पुत्र

कोरियातील गोर्यो राजवंशाचा अकरावा राजा मुन्जोंग याने इ. स. १०४६ ते १०८३ अशी सदतीस वर्षे राज्य केले. इतिहासकार या काळास गोर्योचे सुवर्णयुग म्हणतात. कायद्यांची घडी त्याने नीट बसविली आणि १०७६ मध्ये अधिकाऱ्यांच्या जमीनवाटपाची नवी व्यवस्था लावली. परंतु आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते या राजाचे धम्माशी असलेले नाते. ते वाटते तितके सरळ नाही.

१०५६ मध्ये मुन्जोंगने एक कठोर आज्ञापत्र काढले. वेठ चुकविण्यासाठी चीवर पांघरणारे, व्यापार करून द्रव्य साठविणारे लोक संघात शिरले असून त्यांना बाहेर काढावे, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी त्याने राजधानीजवळ ह्युंगवांगसा या विहाराचे बांधकाम आरंभिले! चोए यू-सॉन या मंत्र्याने विरोध केला. राजाने मानले नाही. विहारासाठी एका परगण्याचे ठाणेच दुसरीकडे हलवावे लागले. १०६७ मध्ये २,८०० खणांची ही वास्तू पूर्ण झाली. पुढे १०७८ मध्ये तेथे आतून चांदीचा व बाहेरून सोन्याचा स्तूप उभारला गेला. त्यास तिकडील वजनाने ४२७ गुन चांदी व १४४ गुन सोने लागले. हा भार अखेर कष्टकऱ्यांच्याच पाठीवर होता, असे आमचे मत आहे. दासी मातेचे अपत्य दासच, हा १०३९ चा नियम त्याच्या पूर्वीच्या राजाच्या काळातील. तो पुढेही चालू राहिला. जन्मावरून माणसाचे मोल ठरविणारा हा नियम तथागताच्या शिकवणुकीच्या थेट विरुद्ध होता. विहारांनीही दास बाळगले होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

राजकुटुंबातही रक्ताचाच विचार होता. मुन्जोंगची पहिली राणी त्याची सावत्र बहीण होती. त्यानंतर ई जा-यॉन या सरदाराच्या तीन कन्या त्याच्या अंतःपुरात आल्या आणि त्या घराण्याचे वजन वाढत गेले. त्यांपैकी राणी इन्ये हिचे तीन पुत्र सुन्जोंग, सॉन्जोंग व सुक्जोंग हे राजे झाले. तिसऱ्याने तर आपल्या बालवयीन पुतण्याकडून सिंहासन घेतले.

चौथा पुत्र मात्र निराळ्या वाटेने गेला. तुमच्यापैकी भिक्खू कोण होईल, असे पित्याने विचारले असता तो पुढे आला, अशी कथा आहे. १०५५ मध्ये जन्मलेल्या या राजपुत्राने १०६५ मध्ये प्रव्रज्या घेतली. हेच भदंत उइचॉन. ग्रंथांसाठी चीनला जाण्यास बंधू व दरबार यांनी नकार दिला, तेव्हा १०८५ मध्ये ते गुप्तपणे गलबतावर चढले. पुढच्या वर्षी तीन हजारांवर ग्रंथखंड घेऊन ते परतले. चीन, लिआओ व जपान येथून त्यांनी भाष्यग्रंथ जमविले, १०९० मध्ये हजाराहून अधिक ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पित्याच्या त्याच ह्युंगवांगसात ते लाकडी ठशांवर कोरून छापविले. १०९७ पासून त्यांनी च्छॉन्थे संप्रदायाची उभारणी केली. ११०१ मध्ये त्यांचे निधन झाले.

तेराव्या शतकातील मंगोल स्वाऱ्यांत विहार जळाला. उइचॉनांची सूची मात्र राहिली, आणि त्यांनी छापविलेल्या काही ग्रंथांच्या प्रती कोरियात व जपानात आजही आहेत.