कुलूप नसलेले रुग्ण-दप्तर

रुग्णालयाच्या संगणकातील माहिती बाहेर गेली की ती एखाद्या निष्णात हॅकरची करामत असणार, असे सर्वसाधारणपणे मानले जात असले, तरी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले एक ठळक उदाहरण वेगळे आहे. जर्मनीतील ग्रीनबोन या सायबर सुरक्षा कंपनीने २०१९मध्ये जगभरातील ‘पॅक्स’ सर्व्हरची, म्हणजे एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांच्या प्रतिमा साठवणाऱ्या संगणकांची पाहणी केली, तेव्हा भारतातील सुमारे १२ कोटी प्रतिमा इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या आणि त्यांपैकी जवळपास ७ कोटी एकट्या महाराष्ट्रातील होत्या.

या प्रतिमा ‘डायकॉम’ या प्रमाणित स्वरूपात जतन होतात आणि त्या फाइलमध्ये चित्रासोबतच रुग्णाचे नाव, जन्मतारीख व तपासणीचा दिवस नोंदलेला असतो. त्यामुळे ज्याच्या हाती फुप्फुसाचे चित्र लागते, त्याला ते फुप्फुस कोणाचे हेही कळते. ही पद्धत मुळात रुग्णालयाच्या आतील यंत्रांसाठी घडवली गेली. पुढे रेडिओलॉजिस्टला घरबसल्या रिपोर्ट देता यावा म्हणून सर्व्हर बाहेरच्या जगाशी जोडले गेले आणि पडद्यावर प्रतिमा दिसू लागली की काम झाले, असे मानून पासवर्डचा विषय मागे पडला.

खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर हा अर्थात निराळा धोका. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील पाच सर्व्हरवर असा हल्ला होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक रूपात अडकली आणि केसपेपर काही दिवस हाताने लिहावे लागले.

नाशिकच्या पंचवटीत दिंडोरी रोड किंवा पेठ रोडवरच्या छोट्या नर्सिंग होमला हे दूरचे वाटेल, पण ‘आभा’ या १४ अंकी आरोग्य क्रमांकाच्या व्यवस्थेत नोंदी मध्यवर्ती भांडारात न जाता ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात, म्हणजे राखणही त्याचीच. रिसेप्शन, मेडिकल आणि वॉर्डातील नर्स अशा सर्वांनी एकाच लॉगिनवर काम केले, तर कोणाची फाइल कोणी उघडली याचा माग लागत नाही. प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन, मोबाइलवरील ओटीपीची दुसरी पडताळणी आणि नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअप, एवढ्याने बरेचसे साधते, आणि त्याला फार खर्चही येत नाही.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांतील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हायची आहेत, आणि रामकुंडावरील सिंहस्थाची मुख्य स्नानपर्वे त्याच वर्षी ऑगस्टपासून सुरू होतात. २०१५च्या सिंहस्थात रुग्णांच्या नोंदी टॅबलेटवर घेऊन साथीवर नजर ठेवण्याचा प्रयोग हार्वर्डच्या संशोधकांच्या पुढाकाराने झाला होता. तेव्हा असा कायदा नव्हता.