नाकातून गळणारे मस्तिष्कद्रव : सर्दी समजून दुर्लक्ष नको

भाविकहो, देवापुढे वाकताना एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा, खारट द्रव टपकत असेल, तर ती साधी सर्दी नसावी.

मेंदू व मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलीटर द्रव असतो. डोक्यास मार बसून किंवा कवटीतील दाब वाढून नाकाच्या छताचे हाड व त्यावरील आवरण फाटल्यास तो नाकात उतरतो. त्याच वाटेने जंतू वर जाऊन मेंदूच्या आवरणाचा जीवघेणा दाह होऊ शकतो.

हा द्रव बाटलीत धरून त्याची बीटा-२ ट्रान्सफेरिन तपासणी केल्यास निदान होते. सीटी स्कॅन व एमआरआयने छिद्राची जागा कळते. अपघातानंतरची गळती पुष्कळदा विश्रांतीने थांबते. रुग्णाने डोके उंचावर ठेवावे, नाक शिंकरू नये, कुंथू नये. गळती न थांबल्यास शस्त्रक्रिया लागते. १९२६ साली डँडी यांनी त्यासाठी कवटी उघडली होती. १९८१ मध्ये विगंड यांनी नाकातूनच दुर्बिणीने छिद्र बुजविले. आज या पद्धतीने दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात.

बाजारहत्नूर परिसरातील भाविकांनी अशी लक्षणे दिसताच आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. ताप, तीव्र डोकेदुखी वा मान ताठरल्यास क्षणाचाही विलंब करू नये, ही नम्र विनंती.