देशावरून एक दिवस समुद्रावर

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, अंगणातले किल्ले ढासळू लागले आणि भाऊबीजेच्या ओवाळण्या मोजून झाल्या, की देशावरच्या घराघरांतून एक प्रश्न निघतो : सुट्टी तर अजून आहे, मग जायचे कोठे? सोलापूरच्या घरांतून पुष्कळदा याचे उत्तर येते, समुद्रावर! आणि त्यात नवल ते काय? वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणारे ते गाव. आमच्या रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो. जेथे नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर घरातली धुणी ठरतात, तेथल्या मुलांना न संपणारे पाणी एकदा पाहावेसे वाटले तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत.

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर सोलापूरचे. त्यामुळे दर दिवाळीला अशी एकदोन बिऱ्हाडे तरी आमच्या दारावरून जातात. रात्री निघायचे, दिवसभर समुद्रावर काढायचा आणि रात्री परतायचे. मुक्कामाचा खर्च नाही, रजा एकच. योजना मोठी सुटसुटीत दिसते. तिच्यात बारा-पंधरा माणसे, कडक भाकरी, शेंगाचटणी, औषधे, टोप्या या साऱ्यांचा विचार असतो. विचार नसतो तो एकट्या समुद्राचा. तो आपला तेथे असणारच, सिद्धेश्वराच्या तलावासारखा, अशी मंडळींची समजूत असते. परंतु समुद्र हा पाहुण्यांच्या सवडीने वागणारा गृहस्थ नव्हे. त्याचे स्वतःचे वेळापत्रक आहे, आणि सुदैवाने ते आपल्या घरातल्या पंचांगातच छापलेले आहे.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि बिनचूक वेळ हवी असेल तर हल्ली ती मोबाईलवरही मिळते. पण सहलीचा दिवस ठरवायला पाऊणकीचा पाढा पुरेसा आहे.

आता दिवाळीचे गणित मांडून पाहा. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारी दीडला पूर्ण, ओहोटी सकाळी साडेसात आणि सायंकाळी पावणेआठच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी हेच सारे पाऊण तास पुढे. याचा अर्थ असा की या दिवसांत दुपारी दोन-अडीचपासून अंधार पडेपर्यंत पाणी सारखे समुद्राकडे मागे जात असते. शिवाय अमावास्या नुकतीच झालेली, तेव्हा उधाणाचे दिवस. पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त. आणि आमचे पाहुणे नेमके काय करतात? सकाळी गणपतीपुळ्याला देवदर्शन, मग रांगेतून बाहेर पडून उकडीच्या मोदकांसह जेवण, मग थोडी वामकुक्षी, आणि तीन वाजता 'चला, आता समुद्र!' साऱ्या दिवसातली सर्वांत वाईट वेळ ते अगदी निवडून काढतात.

हे मी उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाही. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सुरेख, पण पाण्याखाली त्याला उतार आहे. गुडघाभर पाण्यात उभे असताना दोन पावलांत छातीभर होते. तेथे माणसे बुडाल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी वाचतो. जुलै २०२५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, जवळच्याच आरे-वारेच्या किनाऱ्यावर नात्यातली चार माणसे एकाच दिवशी गेली. विहिरीत सूर मारणारे पोहणारे यात अधिक फसतात असे मला वाटते. त्यांना पाण्याचे भय नसते, आणि विहिरीचे पाणी कधी कोणाला ओढून नेत नाही.

ही ओढ असते तरी कशी? लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात त्याला परत तर जावेच लागते. ते सगळीकडून सारखे जात नाही. वाळूत जेथे खोलगट वाट सापडेल तेथून पन्हाळीतून जावे तसे वेगाने जाते. त्या वाटेवर लाटा फारशा फुटत नाहीत, फेस कमी, रंग जरा गडद. नवख्या माणसाला वाटते, येथे पाणी शांत आहे, पोरांना येथेच उतरवू! तीच जागा टाळायची. आणि दुर्दैवाने कोणी त्यात सापडलाच, तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. त्या प्रवाहाशी झगडताना पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि दमला की बुडतो. प्रवाह रुंदीला थोडा असतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्याच्या बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर आत यावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. काठावरच्यांनीही एकामागून एक उड्या टाकू नयेत; एकाला वाचवायला गेलेले तिघे जातात ते असेच. रिकामा प्लॅस्टिकचा डबा, दोर, साडी, जे हाताशी असेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

तेव्हा भाऊबीजेच्या आसपास यायचेच असेल तर दिवस उलटा करा. आधी समुद्र, मग देव. (गजाननाची यास हरकत नसावी, त्याचे देऊळ समुद्राच्या काठावरच आहे!) सकाळी आठनंतर पाणी चढू लागते, तेव्हा दोन तास, जीवरक्षक असेल तेथे, मोठ्यांचा गुडघा बुडेल इतक्याच पाण्यात, मुलांचा हात धरून. एकजण काठावर कोरडा बसलेला हवा आणि त्याने मोबाईलमध्ये डोके घालायचे नाही. साडेदहाला गोड्या पाण्याची अंघोळ, मग दर्शन, मग जेवण. खानावळीला मात्र आदल्या दिवशी माणसांचा आकडा कळवावा. आयत्या वेळी पंधरा पाने मागितली तर यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावरच सारे उत्तर मिळेल.

पण माझे ऐकाल तर भाऊबीज सोडा आणि आणखी आठवडाभर थांबा. शाळांची सुट्टी बहुधा असतेच. कार्तिक शुद्ध अष्टमी किंवा आवळेनवमी धरा. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे ओहोटी भर दुपारी बारा-साडेबाराला आणि तेथून संध्याकाळपर्यंत भरती हळूहळू येणारी. शिवाय हे भांगाचे दिवस. उधाणाचा जोर नाही. सकाळी पाणी उतरत असताना दर्शन घ्यावे, मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहावे (त्यांचा जन्म तेथला, १८६६ चा), दुपारी उघड्या पडलेल्या वाळूवर मुलांना शिंपले आणि खेकड्यांची बिळे दाखवावीत, आणि तीन वाजता चढत्या पाण्यात पाय भिजवावेत. एकादशीपूर्वी परतलात तर पंढरपूरच्या वारीची गर्दीही बरीचशी चुकेल.

रस्त्याविषयी फार लिहायला नको. मंगळवेढे, सांगोले, मिरज, कोल्हापूर, मलकापूर आणि मग आंबा घाट. एकूण साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी कोल्हापुरात मिसळीचा मोह आवरावा. पालीच्या पुढे निवळी फाट्यावरून जाकादेवीमार्गे गणपतीपुळे, आणि येताना किनाऱ्याकिनाऱ्याने आरे-वारेवरून रत्नागिरी. त्या चढावर गाडी थांबवून खाली एक मिनिट पाहा. पाण्यात न उतरताही समुद्र पुरेपूर मिळतो. गावात थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, रत्नदुर्ग, मत्स्यालय असे पुष्कळ आहे. एका दिवसात सारे उरकू पाहणाऱ्यांना यांतले काहीच दिसत नाही, पार्किंग मात्र सगळीकडचे दिसते. एकच निवडा. मी थिबा राजवाडा निवडीन. ब्रह्मदेशाचा हा राजा राज्य गमावून १८८६ मध्ये येथे आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. तीस वर्षे ज्याने हा समुद्र पाहिला आणि तो ओलांडता आला नाही, त्याच्या सज्जात उभे राहिले की मोठी माणसेही जरा गप्प होतात.

दोन किरकोळ सूचना. देशावरचा घाम अंगावरच वाळतो, आमच्याकडचा चिकटून बसतो. तेव्हा सुती कपडे आणि पिण्याचे पाणी नेहमीपेक्षा दुप्पट. कोकम सरबत मुलांना आवडते. सोलकढी पहिल्या घोटाला आवडेलच असे नाही, आग्रह करू नये.

आणि तुमच्या सहलीत आणखी एका माणसाचे वेळापत्रक कोणी करीत नाही : ड्रायव्हरचे. रात्रभर गाडी हाकून तो सकाळी सहाला पोहोचतो आणि त्याच रात्री त्याला पुन्हा घाट चढायचा असतो. दिवसभर त्याला या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर पिटाळू नका. दोन ड्रायव्हर असतील तर उत्तम. एकच असेल तर भाड्यात एका खोलीचे पैसे धरा, तेथे पंखा लावून त्याला दुपारी सलग पाच-सहा तास झोपू द्या, आणि परतीत रात्री कोल्हापूरच्या पुढे जाऊ नका. कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. भाट्याच्या सुरूच्या बनाशी उभे राहून तो पाहावा, ड्रायव्हरला चहा पाजावा आणि सव्वासहाला गाडी सोडावी. म्हणजे घाट वेळेत चढून होतो आणि मलकापूरला गरम जेवण मिळते.