हळू चेंडूचा चकवा

क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज मधूनच एखादा हळू चेंडू टाकतो आणि फलंदाज फसतो, हे तुम्ही पाहिले असेलच. सॉफ्टबॉलमध्ये तर चेंडू टप्पाही घेत नाही. मग तिथे पिचर बॅटरला फसवते कशी? १८८७ साली शिकागोत हा खेळ जन्मला तेव्हा मुष्टियुद्धाचा हातमोजा हाच चेंडू होता आणि झाडूचा दांडा ही बॅट! आज आपल्या शालेय क्रीडास्पर्धांतही तो खेळला जातो.

महिलांच्या सामन्यात पिचर होमप्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर उभी असते. पाऊल पुढे टाकून ती चेंडू सोडते, म्हणून आपण अंतर १२ मीटर धरू. चेंडूचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर असला, तर तो ०.६ सेकंदात पोहोचतो. आता बॅटरचा हिशेब पाहा. डोळ्यांनी पाहून मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत जायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. बॅट फिरवायला जवळजवळ तेवढेच. राहिले ०.२ सेकंद! चेंडू जेमतेम ४ मीटर आला, की तिला मनाशी ठरवावे लागते.

समजा, पुढचा चेंडू ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने आला. निर्णयाच्या क्षणी तो ३ मीटर आलेला असतो. समोरून येणाऱ्या चेंडूतला हा एका मीटरचा फरक डोळ्यांना सहसा कळत नाही. बॅट मात्र ०.६ सेकंदांनी फिरून जाते, आणि चेंडू अजून ३ मीटर दूरच असतो!

गंमत अशी, की हात मंद फिरला तर हे सारे फुकट जाते, कारण बॅटरला चेंडूआधी हातच दिसतो. म्हणून हात तसाच वेगाने फिरवायचा आणि फक्त चेंडूची पकड बदलायची. नवशिक्या मुलींना आधी हे दोनच चेंडू शिकवावेत, असे मला वाटते. फिरकीमुळे हवेत वळणारे चेंडू मागाहून. चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, म्हणून पहिला चेंडू पट्ट्यात पडलेला बरा. दोन स्ट्राइक झाल्यावर बॅटर घाईत असते. हळू चेंडूची वेळ तीच.

हात खालून फिरतो, म्हणून खांद्याला त्रास नाही, अशी पूर्वी समजूत होती. मोजमाप केल्यावर ती चुकीची ठरली. या फेकीतही खांद्यावर मोठा ताण येतो. वाढत्या वयात फेकी मोजाव्यात, आणि खांदा दुखला की त्या दिवशी थांबावे.

दातिवऱ्याच्या किनाऱ्यासारखी ओहोटीची घट्ट वाळू जवळ असेल, तर १२ मीटरवर दोन रेघा ओढा. एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने झेलावा, तिसऱ्याने स्टॉपवॉच दाबावे. त्याच्या बोटालाही ०.२ सेकंदांचा उशीर होणारच! म्हणून दहा फेकींची सरासरी काढा.