काहोन आणि ढोल यांचे ध्वनिमुद्रण : मायक्रोफोनची निवड व मांडणी
(जिवती परिसरातील अनुभवाच्या आधारे)

प्रस्तावना

माणिकगड पहाडावर वसलेल्या जिवती तालुक्यातील गोंड गुड्यांमध्ये दिवाळीच्या दिवसांत दंडार रंगते. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी, त्यांच्या अंगावरील घुंगरांचा नाद आणि ढोलाच्या ठेक्यावर म्हटली जाणारी गोंडी गाणी हा लोकसाहित्याच्या अभ्यासकासाठी अमोल ऐवज होय. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी अशाच एका रात्री एका वृद्ध गायकाची गाणी भ्रमणध्वनीवर मुद्रित केली. यंत्र ढोलापासून हातभर अंतरावर ठेवले होते. महाविद्यालयात परतल्यावर ते मुद्रण गोंडी मातृभाषा असलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना ऐकविले. त्यांनी ते शांतपणे शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "वाजवणं ऐकलं; गाणं कुठं आहे?" पुढील दिवाळीपर्यंत तो गायक हयात राहिला नाही.

दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. त्यांना हे कुणी शिकविलेच नव्हते; आणि शिकविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकाचाही समावेश होतो. भाषेच्या अध्यापकाने मायक्रोफोनविषयी लिहावे हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु मौखिक साहित्याचा अभ्यासक ज्याला 'संहिता' म्हणतो, ती अखेर एका माइकने ऐकलेली असते.

सरावासाठी काहोन का?

चूक पुन्हा सुधारता येईल अशा ठिकाणी सराव व्हावा, या हेतूने आम्ही काहोन हे वाद्य निवडले. युवक महोत्सवांच्या निमित्ताने ते अनेक महाविद्यालयांत पोहोचले आहे. स्पॅनिश भाषेत काहोन म्हणजे पेटी. आपल्याकडे पेटी म्हटले की हार्मोनियम डोळ्यांसमोर येते, म्हणून येथे मूळ नावच वापरले आहे. पेरूच्या किनारपट्टीवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी हे वाद्य घडविले. १९७७ मध्ये गिटारवादक पाको दे लुसिया यांना लिमा येथे कैत्रो सोतो यांच्याकडून ते मिळाले आणि पुढे स्पेनच्या फ्लामेंको संगीतात रुळले. २००१ मध्ये पेरूने त्यास राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

वादक या पेटीवर बसतो आणि पुढील पातळ प्लायवूडच्या फळीवर हाताने आघात करतो. मागील बाजूस एक गोल छिद्र असते. फळीच्या वरच्या कडेवरील थाप तीक्ष्ण व कोरडी येते. मध्याकडील थापेत फळी आणि आतील हवा दोन्ही हलतात व घुमारा उमटतो. सुमारे ३० × ३० × ४८ सेंमी आकाराची पेटी व १२ सेंमी व्यासाचे छिद्र धरून हेल्महोल्ट्झच्या सूत्राने गणित केले, तर या हवेची स्वाभाविक वारंवारिता ९० हर्ट्झच्या आसपास येते. म्हणजेच हे दोन तोंडांचे वाद्य आहे : पुढून थाप, मागून घुमारा. माइकचा सारा प्रश्न येथूनच सुरू होतो.

मायक्रोफोनची निवड

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते. तो दणकट असतो, मोठा आवाज सोसतो आणि त्यास बाहेरून वीज लागत नाही. १९६५ पासून प्रचारात असलेला शुअर एसएम ५७ हा या प्रकारातील परिचित नमुना. कंडेन्सर माइक सूक्ष्म ध्वनी अधिक निष्ठेने टिपतो, बोटांचा स्पर्शही त्यात येतो. मात्र त्यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि पंखा, पाऊस, शेजारच्या वर्गातील व्याख्यान हेही तो तितक्याच निष्ठेने टिपतो. पुढील फळीसाठी यांपैकी कोणताही चालतो. मागील छिद्रासाठी खालचे स्वर नीट घेणारा, मोठ्या पडद्याचा डायनॅमिक माइक बरा. सभागृहात भाषणासाठी असलेला साधा माइक सरावाला पुरेसा आहे. महागडा माइक चुकीच्या जागी ठेवण्यापेक्षा साधा माइक योग्य जागी ठेवणे केव्हाही हिताचे.

मांडणी

एकच माइक असल्यास तो पुढे, फळीपासून ३० ते ५० सेंमी अंतरावर, वादकाच्या हाताचा धक्का लागणार नाही असा ठेवावा. ९० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ पावणेचार मीटर असल्याने ती पेटीला वळसा घालून पुढेही पोहोचते. त्यामुळे घुमारा अगदीच हरवत नाही. माइक वर सरकविला की थाप उठून दिसते, खाली आणला की आवाज गोलसर होतो. एकदिश माइक फारच जवळ नेल्यास खालचे स्वर कृत्रिमरीत्या फुगतात, हेही ध्यानात ठेवावे.

दोन माइक असल्यास दुसरा मागील छिद्रापासून १० ते १५ सेंमीवर, किंचित तिरका ठेवावा. अगदी समोर ठेवल्यास छिद्रातून येणारी हवेची फुंकर पडद्यावर आदळते. आमची पहिली फसगत येथेच झाली. दोन्ही माइक वेगवेगळे ऐकले असता उत्तम होते, एकत्र केले असता घुमारा नाहीसा! कारण साधे आहे. थाप पडताक्षणी फळी आत जाते. तिच्यापुढील हवा विरळ होते आणि त्याच वेळी मागील छिद्रातून हवा बाहेर ढकलली जाते. एका माइकला 'आत' तर दुसऱ्याला 'बाहेर' असा संकेत मिळतो व बेरजेत दोहोंची काही अंशी वजाबाकी होते. उपाय म्हणून एका माइकची ध्रुवता उलटवावी. मिश्रकावर त्यासाठी कळ असते, अन्यथा ऑडॅसिटी या मोफत संगणक-प्रणालीतील 'इन्व्हर्ट' ही आज्ञा वापरावी. चार थापा मुद्रित कराव्यात, उलटवून व न उलटवता ऐकाव्यात आणि ज्यात घुमारा भरदार लागेल ते ठेवावे. पेटी, अंतर व वारंवारिता यांनुसार उत्तर बदलते. म्हणून येथे पुस्तकापेक्षा कान प्रमाण मानावा.

खोलीविषयी थोडक्यात : सिमेंटच्या भिंती व टिनाचे छप्पर असलेल्या वर्गात थाप भांड्यासारखी वाजते. पेटीखाली सतरंजी, भिंतींवर घोंगड्या, पंखा बंद आणि पेटी कोपऱ्यापासून दूर, एवढे पुरे.

ध्वनिपातळी मात्र दुर्लक्षून चालणार नाही. सर्वांत जोरदार थाप उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी ठेवावी. शून्याच्या वर फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन वाहिन्यांच्या वेव्ह मुद्रणास तासाला सुमारे १ गिगाबाइट जागा लागते, ती द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्रातील स्वयंचलित पातळी-नियंत्रण बंद करावे. आरंभी सांगितलेल्या मुद्रणात नेमके हेच घडले होते. ढोलाचा प्रत्येक ठोका पडताच भ्रमणध्वनीने आपली संवेदनक्षमता घटविली आणि ती पूर्ववत होण्याआधी पुढचा ठोका पडला. गायकाचे शब्द या दोन ठोक्यांच्या मध्ये होते.

काहोनकडून ढोलाकडे

ढोलही दोन तोंडांचाच. एका पानावर टिपरी पडली की ते आत जाते आणि आतील हवेमुळे दुसरे बाहेर ढकलले जाते. त्यामुळे दोन्ही बाजूंना माइक लावल्यास ध्रुवतेची तीच परीक्षा घ्यावी. परंतु काहोन एका जागी असते आणि दंडारीतील ढोलवादक फिरत असतो. शिवाय त्याच्या भोवती नाचणाऱ्यांचे रिंगण असते. तेथे स्टँड उभे करणे हा अडथळाच नव्हे तर आगाऊपणाही ठरतो. या वाद्यांची पूजा होते, हे विसरू नये. गुड्यातील जाणत्यांना आधी विचारावे, यंत्र दाखवावे आणि मुद्रणाची प्रत त्यांना द्यावी.

व्यवहारात दोन जागा पुरतात. एक दुहेरी वाहिनीचे मुद्रणयंत्र रिंगणाबाहेर तीन-चार मीटरवर, डोक्याच्या उंचीवर, वाऱ्यासाठी केसाळ आवरण घालून ठेवावे. घुंगरू, पावले व ढोल यांचे परस्परप्रमाण तेथून योग्य मिळते. दुसरा माइक केवळ मुख्य गायकासाठी. अंतर दुप्पट झाले की उघड्या जागेत ध्वनी सुमारे ६ डेसिबलने उतरतो. माइक गायकाच्या मुखापासून २५ सेंमीवर आणि ढोलापासून २ मीटरवर असेल, तर हे अंतर आठपट होते आणि गाण्याला ढोलाच्या तुलनेत १८ डेसिबलचा लाभ मिळतो. एकदिश माइक असल्यास त्याची पाठ ढोलाकडे करावी. गायकही चालत असेल, तर त्याच्या सदऱ्याला लावण्याचा छोटा माइक व खिशातले छोटे मुद्रणयंत्र घ्यावे. आवाज थोडा दबका येईल, पण शब्द येतील. दोन्ही यंत्रे सुरू झाल्यावर एकदा मोठ्याने टाळी वाजवावी. पुढे दोन्ही मुद्रणे जुळविताना त्या टाळीचाच आधार होतो.