आचार्य कोणास म्हणावें?

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास शब्दाच्या मुळाशीं जाण्याची खोड लागते. 'आचार्य' या शब्दाची फोड करितांना निरुक्तकार यास्कानें तीन पर्याय सुचविले आहेत: जो शिष्याकडून आचार ग्रहण करवितो तो, जो अर्थांचा संचय करितो तो, किंवा जो बुद्धीचा संचय करितो तो. हे अर्थ एका अर्वाचीन उदाहरणावर घासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण एड्सच्या संशोधनांतील आहे. या रोगाचें नांव घरांत काढण्याचीहि पुष्कळांस लाज वाटते; म्हणूनच तें मुद्दाम निवडलें.

सन 1981 मध्यें अमेरिकेंत हा रोग प्रथम नोंदला गेला. 1983 मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्याचा विषाणु सांपडला व 1985 मध्यें रक्ताची चाचणी उपलब्ध झाली. आपल्या देशांत मात्र हा परक्यांच्या अनाचाराचा रोग, त्याचें येथें काय काम, अशीच सर्वत्र समजूत होती. अशा वेळीं मद्रास मेडिकल कॉलेजांतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापिका डॉ. सुनीति सॉलोमन यांनीं निर्मला सेल्लप्पन या बत्तीस वर्षांच्या विद्यार्थिनीस प्रबंधासाठीं हाच विषय सुचविला. सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेंत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांतील.

विद्यार्थिनी लहान गांवांतून आलेली, जुन्या वळणाच्या घरांत वाढलेली, दोन लहान मुलांची आई. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचें रक्त तपासावयाचें, या कल्पनेनेंच ती बिचकली. परंतु गुरूचा आग्रह आणि पतीचें उत्तेजन यांमुळें ती उभी राहिली. पति तिला स्कूटरवरून सुधारगृहापर्यंत पोंचवीत असे. तीन महिन्यांत सुमारें ऐंशीं नमुने गोळा झाले. धड प्रयोगशाळा नव्हती. जें साहित्य मिळालें त्यावर गुरु-शिष्येनें मिळून रक्तांतील द्रव वेगळा केला, आणि तो शिष्येच्या घरच्या शीतकपाटांत ठेवावा लागला!

फेब्रुवारी 1986 मध्यें ते नमुने रात्रीच्या गाडीनें वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत गेले. तेथें डॉ. जेकब जॉन यांच्या विभागांत एलायझा नांवाची चाचणी झाली. विषाणूविरुद्धचीं प्रतिपिंडें रक्तांत असतील, तर या चाचणींत पिवळा रंग येतो. सहा नमुने पिवळे झाले. कोणाचा विश्वास बसेना. पुन्हां रक्त घेतलें, पुन्हां तपासलें, व शेवटीं अमेरिकेंतून खातरजमा करून घेतली. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधानें साऱ्या देशाची समजूत खोटी पाडली. 1987 मध्यें शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यांत इतर संशोधकांबरोबर दोघींचींहि नांवें आहेत, आणि शिष्येचें नांव गुरूच्या आधीं आहे.

अर्थसंचय आणि बुद्धिसंचय यांची कसोटी येथें उत्तम उतरते. राहिला आचार. त्या स्त्रियांस आपलें रक्त कशासाठीं घेतलें जात आहे, हें सांगितलें गेलें नव्हतें. रक्त काढणारीच्या हातांत मोजेहि नव्हते. त्या काळीं हें कोणास खटकलें नाहीं. आज तें मुळींच चालावयाचें नाहीं. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानें, जो सप्टेंबर 2018 पासून अमलांत आला, रुग्णास समजावून त्याची संमति घेणें बंधनकारक केलें आहे. परंतु संमतिपत्रावर अंगठा घेणें वेगळें आणि समोरच्या माणसास समजेल असें सांगणें वेगळें. दुसरी गोष्ट कायदा शिकवीत नाहीं. ती गुरूस पाहून शिष्य शिकतो. शिष्याच्या जिवाची काळजी वाहणें हाहि आचारच.

निर्मलाबाई पुढें किंग इन्स्टिट्यूटमध्यें कामाला लागल्या, आणि बरींच वर्षें त्यांचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. सुनीतिबाईंनीं 1993 मध्यें आपल्या वडिलांच्या नांवें रुग्णसेवेची व संशोधनाची संस्था काढली. 2015 मध्यें त्या निवर्तल्या. 2017 मध्यें त्यांस मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हें सारें दूरचें वाटेल, पण तसें नाहीं. आमच्या भोराहून पुणें पन्नासएक किलोमीटर, आणि त्यापलीकडे भोसरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें 1992 मध्यें एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था स्थापिली. अलीकडे तिचें नांव पालटलें असलें तरी कार्य चालूच आहे. औषधोपचार लवकर सुरू केल्यास रोग्याकडून जोडीदारास होणारा संसर्ग 96 टक्क्यांनीं घटतो, हें 2011 मध्यें नऊ देशांतील 1,763 जोडप्यांच्या अभ्यासानें सिद्ध केलें. त्यांत पुण्याची ही संस्था आणि सुनीतिबाईंची चेन्नईची संस्था, दोन्ही सहभागी होत्या.

आतां आपल्याच घरांतील एखादी मुलगी उद्यां म्हणेल, "बाबा, मी या रोगावर संशोधन करणार." त्या वेळीं "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न पालकांनीं गिळावा. विचारावें तें एवढेंच: तुझा मार्गदर्शक स्वतः तुझ्याबरोबर कामास बसतो का? तुझा निष्कर्ष दहादां तपासतो का? ज्यांचें रक्त तूं घेतेस त्यांच्याशीं तो माणसासारखा वागतो का? आणि काम संपल्यावर तुझें नांव घेतो का? चारहि उत्तरें होकारार्थी आलीं, तर मुलीस निःशंकपणें जाऊं द्यावें. तिला आचार्य लाभला आहे.