सह्याद्रीच्या पोटातील वाट
बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, तोवर पंचवीस बोगद्यांच्या त्या मोहिमेत पटकी, हिवताप आणि सुरुंग यांना हजारो मजूर बळी पडले होते. त्याच सह्याद्रीतून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी भाताण, माडप, खंडाळा, कामशेत येथे बोगदे काढण्याची कामगिरी जेव्हा विसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली, तेव्हा ती कोकण रेल्वे महामंडळाकडे सोपविण्यात आली; आणि सरकारदरबारच्या विरळा शहाणपणात मी या निर्णयाची गणना करतो, कारण नव्वदांहून अधिक बोगद्यांचा त्यांचा अनुभव अद्याप ताजा होता. कठीण बेसाल्टात भोके पाडून दारू ठासावी, धूर निवळल्यावर राडारोडा उपसावा, आणि सैल छताला पोलादी कांबींनी व फवारलेल्या काँक्रीटने धरून ठेवावे, असा हा चिकाटीचा क्रम असतो. संपूर्ण मार्ग २००२ मध्ये खुला झाला.